पावसाच्या सावलीतला रस्ता

शाळेत असताना भूगोलाच्या तासाला आम्ही जगातल्या गवताळ प्रदेशांची नावे पाठ केली होती. उत्तर अमेरिकेत प्रेअरी, आशियात स्टेप, दक्षिण अमेरिकेत पंपास, दक्षिण आफ्रिकेत व्हेल्ड, ऑस्ट्रेलियात डाऊन्स. 'जोड्या लावा'मध्ये हा प्रश्न हमखास यायचा आणि त्याचे पाचही गुण पदरात पडायचे. शाळा वालचंदनगरची. कारखान्याचा भोंगा वर्गात ऐकू यायचा. सायकलवर पाऊण-एक तास गेले की शेळगाव, कडबनवाडीकडचा माळ लागायचा. नजर पोचेल तिथवर गवत, त्यात मधूनच उधळणारे चिंकारा. पण त्या माळाला पुस्तकात नाव नव्हते. एकदा गुरुजींना विचारले, "हा कोणता गवताळ प्रदेश?" ते म्हणाले, "हा कसला गवताळ प्रदेश? हे पडीक रान आहे." सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात, हे पुढे कळले.

बी.ए.ला मी मराठी घेतले आणि भूगोल सुटला. प्रश्न मात्र सुटला नव्हता. तो सुटला अलीकडे, पन्नाशी उलटल्यावर, मोटारसायकलवर.

अमेरिकेत मोटारसायकलवरून प्रेअरी ओलांडून रॉकी पर्वत गाठण्याची लोकांना मोठी हौस. दिवसच्या दिवस सपाट गवताचा मुलूख, आणि मग एका सकाळी क्षितिजावर बर्फाचे डोंगर. आपल्याकडची तरुण मुले हल्ली लडाखला जातात, गुडघ्यांना ढोपरबंद, हेल्मेटवर कॅमेरा. जावे, जरूर जावे. पण माळ आणि डोंगर यांचा तोच खेळ इंदापूर तालुक्यातून सकाळी निघालेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत पाहता येतो. अंतर दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. रॉकीच्या पूर्वेची प्रेअरी आणि सह्याद्रीच्या पूर्वेचा आमचा माळ ही एकाच कारणाची दोन लेकरे आहेत. ते कारण पुढे सांगतो. आधी आम्ही निघालो कसे ते सांगतो.

माझा एक वर्गमित्र धनगर आहे. सातवीनंतर त्याची शाळा सुटली आणि तो वाड्याबरोबर चालू लागला. वाडा म्हणजे इथे घर नव्हे. मेंढ्यांचे कळप, बिऱ्हाड वाहणारी घोडी, कुत्री, कोंबड्या आणि त्यांच्याबरोबर चालणारी चार-सहा कुटुंबे मिळून जो फिरता संसार होतो, तो वाडा. दिवाळी झाली की वाडा माळावरून निघतो, मजल दरमजल करत घाट उतरून कोकणात जातो आणि मृगाच्या आधी परततो. माझा मित्र चाळीस वर्षे असा चालला. दोन वर्षांपूर्वी त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितले, आता चालणे बंद. त्या वर्षी धाकटा भाऊ वाडा घेऊन गेला आणि हा घरी राहिला.

महिन्याभराने तो माझ्याकडे आला. चहा प्याला, इकडचे तिकडचे बोलला, आणि जाता जाता म्हणाला, "कवी, तुझी फटफटी वरंधा उतरंल का?"

"कशाला? महाडला एसटी जाते की."

"एसटीनं माणूस पोचतो. वाट कुठं दिसती?"

माझी गाडी म्हणजे शंभर सीसीची जुनी हीरो होंडा. पंधरा वर्षांनी एकदा तिचे पासिंग केले आणि नंतर पाच-पाच वर्षांनी करत आलो आहे. अशा गाडीवर दोन माणसांनी घाट उतरायचा तर चार गोष्टी पाहाव्या लागतात. चेन फार सैल नको आणि फार ताणलेली नको. मागच्या चाकात हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, कारण मागे माणूस बसणार. ब्रेकचे लायनर नवे. आणि सोबत एक प्लग, क्लचची एक जादा तार, पाना, पान्हाळ आणि पंक्चरचे सामान. मी एवढे जमवले. बायकोने भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. आमच्या अम्मीने दारात 'खुदा हाफिज' म्हटले आणि मित्राला वेगळे सांगितले, "याला हळू चालवायला सांग रे बाबा." दोघांचे मिळून वय एकशे तेरा.

डिसेंबरची थंडी होती. मित्राची वस्ती माळाच्या कडेला. दिवस उगवताना पोचलो तेव्हा सगळा माळ पिवळा-तांबूस झाला होता. या दिवसांत गवत वाळलेले असते आणि कुसळे पँटला, मोज्यांना टोचतात. ती काढत बसलो असताना मित्र हसला. "मेंढराच्या अंगात शिरतंय तर तू कोण?" या कुसळाची गंमत आहे. त्याच्या एका टोकाला सुईसारखी अणी असते आणि मागे पीळ दिलेली लांब शेपटी. हवेत ओल आली की पीळ उलगडतो, ऊन पडले की पुन्हा वळतो. या वळण्या-उलगडण्यात बी स्वतःला स्क्रूसारखे जमिनीत बसवून घेते. पेरणारा कोणी लागत नाही.

माळाची जमीन म्हणजे मुरमावर वीतभर माती. तिच्यात पाणी फार मुरत नाही, मुरले तर टिकत नाही. झाडाला ती पुरत नाही, गवताला पुरते. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांचा मोठा भाग जमिनीखाली असतो. वरचे पाते वाळले, गुरांनी खाल्ले, जळाले, तरी खालचा ठोंब जिवंत राहतो आणि पहिल्या चांगल्या पावसाला पुन्हा फुटतो. म्हणून माळ उन्हाळ्यात मेल्यासारखा दिसतो, पण मेलेला नसतो. आपली चूक इथेच होते. आपण माळाकडे मे महिन्यात पाहतो आणि म्हणतो, इथे काहीच नाही, काहीतरी लावले पाहिजे. इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीचा शेतसारा येत नाही ती पडीक, असा हिशेब होता. तो हिशेब आपण पुढे चालवला. २००० साली देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह सरकारने काढला, त्यातही गवत-झुडपांची राने पडीक म्हणूनच आली. मग अशा रानांत चर खणायचे, गिरीपुष्प नाहीतर सुबाभूळ लावायची, तार ओढायची आणि चराई बंद करायची. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण चर खणताना जे उपटले जाते, ते काहीच नाही असे कसे म्हणता येईल?

आम्ही गाडी काढली तेव्हा गवताच्या शेंड्यांना लागून एक लांब पंखांचा पक्षी संथपणे फेऱ्या घालत होता. हा भोवत्या. हिवाळ्यात आपल्या माळांवर येतो, टोळ-नाकतोडे खातो आणि रात्री झाडावर नव्हे, गवतातच जमिनीवर बसतो. संशोधकांनी अशा पक्ष्यांच्या पाठीवर यंत्र बसवून त्यांचा माग काढला आहे. ते कझाकस्तानच्या स्टेपवरून इथवर येतात. म्हणजे ज्या स्टेपची जोडी आम्ही शाळेत आशियाशी लावत होतो, तिथला पक्षी शाळेपासून पाऊण तासावर उतरत होता, आणि त्याला हा गवताळ प्रदेश आहे हे कोणी सांगावे लागत नव्हते.

आता थोडी जाग येते आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झाले, ते चिंकारांसाठी, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. २०२४ मध्ये वनखात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली. पुण्याचे लोक पहाटे लांडगा पाहायला येतात. मित्राला याचे भारी नवल. "आम्ही ज्याच्या भीतीनं रातभर जागलो, त्याला बघायला पैसं देत्यात?" मी विचारले, "तुझी किती कोकरं नेली असतील लांडग्याने?" तो म्हणाला, "मोजली न्हाईत. त्याचा वाटा त्यो नेतो. ट्रकवाल्यावानी उगंच मारून टाकून जात न्हाई." हे ट्रकचे काय, ते मला पुढे शिरवळजवळ कळले.

लासुर्णे, बेलवाडी, सणसर, भवानीनगर, काटेवाडी करत बारामतीकडे निघालो. हा तुकोबांच्या पालखीचा मार्ग. आता रुंदीकरणानंतर तो ओळखू येत नाही. गाडीला बरा, डोळ्यांना उघडाबोडका. बेलवाडीला पालखीचे रिंगण होते आणि काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण घालतात, हे तुम्ही छायाचित्रांत पाहिले असेल. मेंढ्यांचे रिंगण का, असा प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांना तो पडला. पंढरीच्या वाटा या मुळात जनावरे घेऊन हंगामानुसार फिरणाऱ्या लोकांच्या फार जुन्या वाटांवरून गेल्या असाव्यात, असा तर्क त्यांनी मांडला. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठलाचे नाते धनगर-गवळ्यांच्या देवाशी जोडून दाखवले. जर्मनीहून आलेल्या गुंथर सोन्थायमर यांनी तर धनगरांच्या ओव्या आणि देव यांच्या मागे आयुष्य घातले. म्हणजे आमच्या फटफटीखाली जो डांबरी रस्ता होता, त्याच्या खाली पालखीची वाट होती, आणि तिच्याही खाली बहुधा खुरांची.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता ऊस. मोटारसायकलवर हे आधी अंगाला कळते आणि मग डोळ्यांना. कोरड्या माळावरून उसात शिरले की हवा एकदम गार आणि ओलसर होते, मातीचा वास बदलतो, हँडलवरची बोटे आखडतात. कारची काच वर केली की हे सारे संपते. हा गारवा नीरा डाव्या कालव्याचा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात इंदापूर आणि भीमथडी तालुक्यांचे अतोनात हाल झाले. बारामती तेव्हा भीमथडीत होती. त्या दुष्काळानंतर सरकारने भोरजवळ भाटघरला धरण आणि खाली वीरला बंधारा बांधून नीरेचा डावा कालवा काढला. सुमारे शंभर मैलांचा हा कालवा पुरंदर, बारामती करत इंदापूर तालुक्यात येतो. पाणी आले तसे पाण्याचे रोगही आले. वरच्यांनी भरपूर घ्यायचे, खालच्यांनी वाट पाहायची. उसाला इतके पाणी दिले गेले की जमिनी चोपण होऊ लागल्या, वर पांढरा क्षार फुटू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, गटातल्या काही भागातच ऊस घ्यायचा, बाकीच्यात हलकी पिके, आणि पाणी पाळीने. चांगली पद्धत होती. ऊस तिच्यापेक्षा ताकदवान निघाला.

१९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी याच पाण्याच्या भरवशावर कळंबजवळ साखर कारखाना आणि वसाहत उभी केली. ते आमचे गाव. पुढे तिथे अवजड यंत्रे तयार झाली, इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तयार झाले. आमचे अब्बा तिथे टर्नर होते. शाळा, दवाखाना, क्वार्टर, नळाचे पाणी, सगळे आम्हाला मिळाले. हे सांगताना मागे बसलेल्या मित्राची मला जरा लाज वाटत होती. कालवा आला, तसा त्याच्या बापजाद्यांचा माळ दर पिढीला आखडत गेला. त्याला मात्र कालव्याचा राग नव्हता. "उसाचं वाडं आमची मेंढरं बी खात्यात की," म्हणाला.

बारामतीहून पणदरे, वडगाव निंबाळकर, सोमेश्वरनगर, नीरा हा पट्टा सरळ निघून गेला. नीरेच्या पुलावर गाडी थांबवली. लोणंद सोडून शिरवळच्या दिशेने वळलो की पश्चिमेला निळी रेघ दिसू लागते. ती रेघ म्हणजे आमच्या माळाचा बाप. आता ते कारण सांगतो.

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेला वारा येतो. त्याच्या वाटेत सह्याद्रीची भिंत उभी. वाऱ्याला वर चढावे लागते. वर चढताना हवा विरळ होते, पसरते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे पाणी होते आणि ते तिथेच कोसळते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो तो यामुळे. घाटमाथा ओलांडून हाच वारा पूर्वेला उतरू लागतो, तेव्हा उलटे घडते. उतरणारी हवा दाबली जाते, तापते आणि तहानलेली होते. ती पाणी देत नाही, असलेले शोषून घेते. म्हणून महाबळेश्वरहून वाईला उतरेपर्यंत पाऊस हजाराच्या खाली येतो आणि इंदापूर-बारामतीला पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास राहतो. याला पर्जन्यछाया म्हणतात, म्हणजे डोंगराने पाडलेली पावसाची सावली. आषाढ-श्रावणात आमच्याकडे ढग रोज येतात. त्यांच्या सावल्या माळावरून पळत पूर्वेला जातात. पाणी पडत नाही. आमचा खरा पाऊस भाद्रपदात, परतीच्या वाटेवर, आणि तोही आला तर. रॉकी पर्वताच्या पूर्वेला प्रेअरी आहे ती याच न्यायाने. तिथला वारा पॅसिफिकवरून येतो, एवढाच फरक.

आम्ही कवी मंडळी पावसावर फार लिहितो. इंदापूर तालुक्यातल्या कवीने पावसावर लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या पाहुण्याचे वर्णन करणे. मी तरुणपणी अशा पुष्कळ कविता लिहिल्या. त्यातला सगळा पाऊस कोकणातल्या कवींकडून उसना आणलेला होता, हे आज कबूल करतो.

शिरवळला पुणे-सातारा महामार्ग ओलांडायचा होता. चार मिनिटे उभे राहूनही फट सापडेना. मित्र म्हणाला, "आपण दोघं हाय. दोनशे मेंढरं अन् चार घोडी घेऊन उभा राहून बघ." मग ट्रकची गोष्ट निघाली. काही वर्षांपूर्वी पहाटेच्या अंधारात असाच एक मोठा रस्ता ओलांडताना एक ट्रक कळपात घुसला होता. सतरा मेंढ्या आणि एक कुत्रा. ट्रक थांबला नाही. तेव्हापासून अर्धी वाट मेंढ्या टेम्पोत घालून न्यायच्या, असे अनेक वाडे करू लागले आहेत. भाडे परवडत नाही, पण मेंढरू तरी पोचते.

भोरला चहाला थांबलो तेव्हा आमच्या प्रवासाचे खरे कारण बाहेर आले. भावाचा फोन आला होता. एक व्यापारी सगळा कळप एकगठ्ठा मागत होता. भाऊही थकला होता, त्याचा मुलगा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला होता आणि परत फिरणार नव्हता. द्यायची की ठेवायची, हे थोरल्याने येऊन सांगायचे होते. "फोनवर सांगता आलं असतं," मी म्हणालो. त्याने बशीत चहा ओतला. "मेंढराला न बघता कसं सांगू?"

भोरच्या जवळच भाटघर. पहिले धरण लहान पडले, म्हणून १९२०च्या दशकात तिथे नवे मोठे धरण बांधले गेले. त्याच्या जलाशयाला आता येसाजी कंकांचे नाव आहे. आमच्या वाटेवर होते ते पुढचे, नीरा-देवघर. भोरहून महाडचा रस्ता याच पाण्याच्या काठाने जातो, वळणे घेत, आत शिरत, बाहेर येत. इथे मुलूख बदलतो. उताराची कौले, भाताची खाचरे, नाचणीचे काड, दाट झाडी. सकाळी ओठ फुटत होते, इथे हवा मऊ लागत होती. मित्र मागून बोटे दाखवत होता. इथे तळ पडायचा. इथे घोडी व्याली. या आंब्याखाली धाकट्या लेकीचा जन्म झाला, दुसऱ्या दिवशी वाडा पुढे निघाला. त्याची वाट तळांची होती, माझी गावांची. ज्या अंतराला त्याला तीन आठवडे लागायचे ते आम्ही सहा तासांत कापले होते, आणि त्याला ते पटत नव्हते. "लई लवकर आलं रं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

घाटाच्या अलीकडे शिरगाव लागते. नीरेचा उगम इथला. दगडी बांधणीचे कुंड आहे. पुढे मोठी होऊन ही नदी आमच्याच तालुक्याच्या टोकाला, नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. आम्ही दोघे जन्मभर तिचे पाणी प्यालो आणि तिचे उगमस्थान मी पहिल्यांदा पाहत होतो. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. तरी हे पाणी तिकडे जात नाही. ते भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते, कारण दख्खनचे पठार पूर्वेकडे कलते आहे. मित्राने ओंजळभर पाणी प्यायले आणि दुसरी ओंजळ गुडघ्यावर ओतली. मी काही बोललो नाही.

घाट म्हणजे चढ, अशी आपली समजूत असते. देशावरून कोकणात जाताना ती मोडते. भोरहून वर येताना गाडीला फारसा जोर लागत नाही. पठार हळूहळू उंचावते आणि मग एकाएकी संपते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाची ही जमीन आहे, आणि पश्चिमेला तिची कड तुटलेली आहे. वाघजाईच्या देवळापाशी उभे राहिले की त्या कड्यांतले थर मोजता येतात आणि खाली खोल कोकण दिसते. तिथे भज्यांची दुकाने आहेत. आम्ही भाकरी सोडली आणि वर भजी मागवली.

उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडायची नाही आणि इंजिन बंद करायचे नाही. पेट्रोल वाचवायला लोक हे करतात आणि मग ब्रेक तापून पकड सोडतात. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. आमची राजदूत होती तेव्हाची गोष्ट वेगळी. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलमधून मिळते. उतारावर बराच वेळ पेट्रोल बंद धरले तर तेलही बंद, म्हणून मधूनमधून अॅक्सिलेटर द्यावा लागायचा. वरंध्याचा रस्ता अरुंद आहे, दर पावसाळ्यात दरड येते आणि अलीकडची अनेक वर्षे पावसाळ्यात तो वाहतुकीला बंद ठेवावा लागतो आहे. एका वळणावर मित्राने खांद्यावर थाप मारून थांबवले. रस्त्याच्या कठड्याखालून एक पायवाट करवंदीच्या जाळीत शिरत होती. "मेंढरांची," तो म्हणाला. तिच्यावर गवत वाढले होते. थोडा वेळ पाहत राहिला, मग परत बसला.

खाली माझेरी, वरंध करत बिरवाडीच्या अलीकडे पोचलो तेव्हा दिवस कलला होता. भाताची कापणी झालेल्या खाचरांत वाडा उतरला होता. कोकणात धनगराला उपरा समजत नाहीत. भात निघाले की शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवायला सांगतो. रात्रभर कळप वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसतो. लेंड्या आणि मूत जमिनीत जाते, दुसऱ्या दिवशी वाघर पुढच्या तुकड्यात सरकते. चार महिन्यांच्या पावसाने धुपलेल्या जमिनीला हे खत सोन्यासारखे. त्याबदल्यात धनगराला भात किंवा रोख मिळते, मेंढ्यांना पाला आणि पाणी. पण पावसाळ्यात मात्र इथे राहता येत नाही. ओल्या लोकरीत आणि चिखलात दख्खनी मेंढी टिकत नाही, तिचे खूर सडतात. म्हणून मृगाच्या आत तिला घाट चढून माळावर गेलेच पाहिजे. तिथला अडचणीत टाकणारा थोडा पाऊस तिला मानवतो. आमच्याकडे तार ओढून माळ बंद झाला, तर इथल्या भातशेतीचे खतही बंद होते. या दोन गोष्टींची नोंद दोन वेगळ्या खात्यांत असते आणि ती खाती एकमेकांना कधी भेटत नाहीत.

भाऊ पाया पडला. वहिनीने कोरा चहा ठेवला. व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मित्र चहाला न थांबता लंगडत वाघरीत शिरला आणि एकेका मेंढीच्या तोंडावर हात ठेवत हिंडू लागला. कुणाची आई कोण, हे तो पुटपुटत होता. अंधार पडला तरी तो बाहेर आला नाही. मी बॅटरीच्या उजेडात गाडीची चेन ताणत बसलो, कारण घाटात ती सैल झाली होती.

सकाळी व्यापाऱ्याला त्याने नर आणि म्हाताऱ्या मेंढ्या दिल्या. बाकीच्या ठेवल्या. भावाने विचारले, "पण चालवायचं कुणी?" मित्र म्हणाला, "मृगापातूर तू चालव. मग बघू."

परतताना वाघजाईपाशी पुन्हा थांबलो. त्याने गाडीच्या टाकीवर हात फिरवला, मेंढीच्या पाठीवर फिरवतात तसा.

"कवी, ही अजून किती वर्सं चालंल?"

"पुढच्या पासिंगपर्यंत तरी."

"कवा हाय ते?"

मी सांगितले. त्याने मनाशी काहीतरी हिशेब केला आणि म्हणाला, "मग मार किक."